दर्या आणि दऱ्या

"दोघांनीच यायचं आहे," टिपरे सर म्हणाले आणि त्यांनी ते पत्र तिसऱ्यांदा वाचलं.

शाळेच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत आम्ही सोळा-सतरा जण बसलो होतो. रविवारची सकाळ. वर्गात लंबकाची लाकडी स्टँडं एका बाजूला सारून मधल्या टेबलावर आमच्या हौशी संगणक मंडळाचा एकुलता एक संगणक मांडलेला. सरांच्या मेव्हण्यानं इंग्लंडहून आणलेला, रबरी बटणांचा, जाड वहीएवढा. त्याच्यावर त्या दिवशी कुणाचंच लक्ष नव्हतं.

"'सारिका आहे. मी रोज तिच्याबरोबर काम करतो. पुढच्या रविवारी दुपारी बारा वाजता खालच्या पत्त्यावर दोघांनी यावं. एक, ज्यांनी जोडाक्षरांबद्दलचा प्रश्न विचारला ते. दुसरं कोण ते तुम्ही ठरवा. पत्र फाडून टाकावं.'"

मंडळाच्या पत्रकात तो प्रश्न विचारला होता नौशादभाईंनी. नौशाद कोकणी, भद्रकालीत त्यांचं टीव्ही-दुरुस्तीचं दुकान. मंडळात सगळ्यात कमी बोलणारा आणि कशावरही विश्वास न ठेवणारा माणूस. मी प्रमिला दुसाने. माझा संगणकाशी संबंध एवढाच की सरांच्या शेजारी आमची टंकलेखनाची शिकवणी होती आणि मंडळाचं मासिक पत्रक मराठीतून निघत असल्यामुळे सायक्लोस्टाइलसाठी त्याची स्टेन्सिल टंकयंत्रावर कापायला त्यांना कुणीतरी हवं होतं. दोन वर्षं मी तेच करत होते. सन शहाऐंशी. मी सव्वीस वर्षांची.

त्यामुळे सारिकाबद्दलची प्रत्येक अफवा आधी माझ्या बोटांखालून गेली होती. पुण्यातल्या एका कंपनीत घरगुती संगणक तयार होतोय. घरच्या टीव्हीला जोडायचा, टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवर सगळं साठवायचं. इथवर सगळ्यांचं एकमत होतं. पुढे प्रत्येकाची सारिका वेगळी. कुणी म्हणे ती बोलते, म्हणून तर मैनेचं नाव. कुणी म्हणे स्कूटरच्या बॅटरीवर चालते. सातपूरच्या कारखान्यातल्या एकानं तर तिनं त्याच्या साडूची पत्रिका मांडून दिल्याचं शपथेवर सांगितलं होतं. या गदारोळात पुण्याहून कुणा 'हितचिंतका'ची पत्रं यायची, मोजकी, नेमकी, आणि त्यांत एकच गोष्ट परत परत असायची: सारिका मराठी लिहिते. हे पत्रही त्याचंच होतं.

टिपरे सरांना फक्त तेवढ्याचीच पडली होती. ते म्हणायचे, "पोरांना मी आधी इंग्रजी शिकवायचं आणि मग गणित, हे किती दिवस चालायचं?" पत्रकात दर महिन्याला सारिकाचं सदर असायचं आणि त्याचा मजकूर ते स्वतः लिहायचे, शाईच्या पेनानं, एकही खाडाखोड न करता.

तेव्हा दुसरं नाव त्यांचंच, हे सगळ्यांनी धरलेलं होतं. सरांनी पत्राची घडी घातली, चष्मा काढला आणि माझ्याकडे बघितलं.

"प्रमिला, तू जा."

"मी? सर, मला त्यातलं काय कळतं?"

"मी गेलो तर नुसता बघत बसेन. तुला टंकयंत्रावरचा मराठीचा खिळा न् खिळा माहीत आहे. बघून ये, आणि मला सगळं सांग. काही म्हणजे काही गाळू नकोस."

त्यांचं वय तेव्हा पासष्टच्या घरात होतं; निवृत्त होऊनही ते पोरांना शिकवत होते. त्यांनी आपली जागा मला दिली.

*

पहाटेच्या एसटीनं आम्ही निघालो. नारायणगावला चहाला उतरलो तेव्हा नौशादभाई म्हणाले, "ताई, आधीच सांगून ठेवतो. तिथं काही नसणार. एक खोकं असेल, आत दिवा असेल. दोन हजार बाइटच्या जागेत मराठीची जोडाक्षरं बसत नाहीत. मी हिशेब करून बघितलाय."

"मग येताय कशाला?"

त्यांनी बशीतला चहा संपवला. "हिशेब चुकलेला असावा म्हणून."

पत्ता कोथरूडमधल्या एका नव्या सोसायटीचा होता. दुसऱ्या मजल्यावर दार उघडलं ते चाळिशीतल्या, उंच, किडकिडीत गृहस्थांनी. अंगात घरचा सदरा, डोळे लाल.

"किबे. वामन किबे. या, या. चपला आतच घ्या, बाहेर नको," ते म्हणाले आणि आम्ही आत येताच त्यांनी कडी लावली. भरदुपारी खिडक्यांचे पडदे ओढलेले होते. बायको-मुलं इंदूरला गेली होती. ते मूळचे तिकडचेच, बोलण्यात मधूनच हिंदीचा हेल यायचा.

"ती पत्रं तुम्हीच लिहायचात?" नौशादभाईंनी विचारलं.

"मीच. पण ती बोलते असं मी लिहिलेलं नाही हं. ते तुमच्या लोकांचं."

कोपऱ्यात पेटीचं, म्हणजे हार्मोनियमचं, लाकडी खोकं होतं. किब्यांनी त्याचं झाकण उघडलं. आत जुन्या साडीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. तान्ह्या मुलाला उचलावं तसं त्यांनी दोन्ही हातांनी ते उचललं आणि टेबलावर ठेवलं.

करड्या पत्र्याची पेटी. वरच्या अंगाला कळफलक, आणि प्रत्येक कळीवर मराठी अक्षर. काही अक्षरं छापील होती, काहींवर हातानं लिहिलेल्या कागदाच्या चिकटपट्ट्या.

"कंपनीच्या बाहेर आणायला परवानगी नाही," किबे म्हणाले. "फाटकावर विचारलं तेव्हा भजनाची पेटी आहे म्हणून सांगितलं. उद्या सकाळी परत न्यायची. जगात एवढी एकच आहे."

नौशादभाई वाकून पेटीच्या मागच्या फटीतून आत बघत होते. बराच वेळ बघत राहिले. मग सरळ झाले आणि हळूच म्हणाले, "दिवा नाहीये."

लहानसा काळा-पांढरा टीव्ही लागला. काळ्या पडद्यावर डाव्या कोपऱ्यात एक पांढरा चौकोन लुकलुकायला लागला.

"बसा बाई," किबे मला म्हणाले. "लिहा."

"काय लिहू?"

"जे मनात येईल ते. फक्त टाइपरायटर विसरा. बोलतो त्या क्रमानं अक्षरं दाबा, बाकीचं तिच्यावर सोडा."

ज्यांनी मराठी टंकयंत्र चालवलेलं नाही त्यांना हे कळणार नाही, म्हणून सांगते. आमच्या यंत्रावर 'किती' लिहायचं तर पहिली वेलांटी आधी मारायची आणि क नंतर. माणूस बोलतो एका क्रमानं आणि यंत्राला हवं असतं दुसऱ्या क्रमानं. मुलींना शिकवताना पहिला महिना त्यांच्या जिभेचा क्रम मोडण्यातच जायचा. माझाही तसाच गेला होता.

मी क दाबला. पडद्यावर क आला. मग वेलांटी दाबली.

क उजवीकडे सरकला. वेलांटी त्याच्या डावीकडे जाऊन उभी राहिली.

मी हात मागे घेतला. कुणीतरी माझ्या मनातलं बोललं असावं तसं झालं होतं. किबे हसत होते, पण आवाज न करता.

"आता क, पाय मोडा, मग ष."

क आला. त्याचा पाय मोडला. ष दाबल्याबरोबर दोन्ही अक्षरं नाहीशी झाली आणि त्या जागी 'क्ष' उभा होता. मी 'ज्ञ' केला. 'त्र' केला. 'श्री' केला. पडद्यावरची अक्षरं ठिपक्याठिपक्यांची होती, जरा बेढब, पण एकेक अक्षर दबा धरून बसल्यासारखं वाट बघायचं, पुढचं कोण येतं ते बघायचं आणि मग आपलं रूप ठरवायचं. नौशादभाई माझ्या खुर्चीची पाठ धरून उभे होते.

"कसं बसवलंत?" त्यांनी विचारलं. "जागेचा हिशेब लागत नाही."

"तुम्ही प्रत्येक जोडाक्षर वेगळं धरलं असणार. मी अक्षरांचे तुकडे साठवले. अर्धा त, अर्धा न, काना. ती जोडून घेते."

नौशादभाईंनी कपाळावर हात मारला आणि मोठ्यानं हसले. त्यांना तसं हसताना मी पहिल्यांदाच बघत होते.

मी आता वेगात लिहायला लागले. मुलींना सरावाला द्यायचे त्यातलं एक वाक्य हाताला आलं: 'सह्याद्रीच्या दऱ्याखोऱ्यांतून वारा वाहतो.' लिहिलं आणि पडद्याकडे बघितलं.

'सह्याद्रीच्या दर्याखोर्यांतून वारा वाहतो.'

"हे चुकलं," मी म्हणाले.

किबे पुढे वाकले. "कुठे? र अर्धा झाला की पुढच्या अक्षरावर रफार. नियम आहे."

"सगळीकडे नाही. दर्या म्हणजे समुद्र. मला डोंगरातल्या दऱ्या हव्यात."

त्यांना कळेना. मी कागद मागितला आणि दोन्ही लिहून दाखवलं. "हे आचार्यांना बोलावलं. आणि हे आचाऱ्यांना बोलावलं. पहिले शाळेत शिकवतात, दुसरे मुंजीचा स्वयंपाक करतात. आमच्या टाइपरायटरवर या र ला वेगळी कळ असते."

किबे खाली बसले. "माझी शाळा हिंदी," ते म्हणाले. "घरी मराठी बोलतो, पण लिहायला... तीन वर्षं झाली. तीन वर्षांत एकाच्याही लक्षात आलं नाही. आम्ही सगळे इंजिनीयर."

"एक अक्षर तर आहे," नौशादभाई म्हणाले.

"गुरुवारी संचालकांची बैठक आहे. करायचं की बंद करायचं, त्याच दिवशी ठरणार. चौथीच्या पुस्तकातला धडा पडद्यावर दाखवायचा आहे." किबे उठले, आतून पुस्तक घेऊन आले आणि माझ्या हातात दिलं. मी तो धडा चाळला. 'वाऱ्यावर', 'किनाऱ्याला', 'तुऱ्याची'. पहिल्याच पानावर सहा ठिकाणी.

नौशादभाईंनी शर्टाच्या बाह्या वर केल्या.

"ही अक्षरं साठवलेली चिप तुमच्याकडे इथं लिहिता येते?"

"येते. पण जागा शिल्लक नाही. एकशे अठ्ठावीस चौकटी, सगळ्या भरलेल्या."

"मग एखादं अक्षर काढा. ताई, कुठलं काढलं तर चालेल?"

असा प्रश्न मला आयुष्यात परत कुणी विचारला नाही. मी किब्यांची यादी बघितली. शेवटी दीर्घ ॡ होता. मुळाक्षरांच्या तक्त्याबाहेर तो मी कधी कुठं लिहिलेला नव्हता.

"हा काढा," मी म्हणाले.

किब्यांनी माझ्यापुढे आलेखाचा कागद ठेवला. एका अक्षराला आडवे आठ चौकोन, उभे सोळा. जो चौकोन पेन्सिलीनं भरायचा तो पडद्यावर उजळणार. मी तो अर्धा र काढला, खोडला, परत काढला. कागदावर तो कोयत्यासारखा छान वळायचा, पण चौकोनांत आणला की त्याचा आकडा व्हायचा. सातव्या-आठव्या खेपेला नौशादभाई लांब उभे राहिले, डोळे बारीक करून म्हणाले, "आता दिसतोय. वरचा एक ठिपका काढा फक्त." काढला. नऊ चौकोन भरलेले राहिले.

चिप बोटाच्या पेराएवढी होती आणि तिच्या पाठीवर काचेची इवलीशी खिडकी होती. जुनं पुसायचं तर त्या खिडकीतून वीस मिनिटं जांभळा प्रकाश आत सोडायचा. किब्यांनी ती पत्र्याच्या डब्यात दिव्याखाली ठेवली, झाकण लावलं आणि घड्याळ बघितलं. "आता ती सगळं विसरतेय," ते म्हणाले. तेवढ्या वेळात त्यांनी पोहे केले, वर शेव घातली, आणि आम्ही तिघांनी ते उभ्यानंच खाल्ले.

मग नव्या अक्षरासकट सगळं परत लिहून चिप बसवली. टीव्हीवर नुसत्या मुंग्या. नौशादभाईंनी खिशातून भिंग काढलं. "चिपचा पाय मुडपलाय एक. सरा." चिमट्यानं तो सरळ करताना त्यांनी श्वास रोखून धरला होता, आणि आम्हीही.

पांढरा चौकोन लुकलुकायला लागला.

कळफलकाच्या उजव्या कोपऱ्यातली एक कळ रिकामी होती, तिच्यावर मी माझ्या हातानं चिकटपट्टी लावली. मग द लिहिला. नवी कळ दाबली. य. काना.

'दऱ्या'.

मी भरलेले नऊ चौकोन पडद्यावर जळत होते. मी ते कागदावर केले होते, पेन्सिलीनं, तासाभरापूर्वी, आणि आता कुणीही ती कळ दाबली तर ते आपोआप येणार होते, मी तिथं नसले तरी, झोपलेली असले तरी. लहानपणी पहिल्यांदा समुद्र बघितला तेव्हा मी आईचा पदर धरला होता. इथं धरायला काही नव्हतं. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि दोन्ही पुरुषांनी माझ्याकडे न बघण्याचा शहाणपणा केला.

निघताना किब्यांनी दाराशी थांबवलं. "एक शब्द द्या मला. कंपनी स्वतः जाहीर करेपर्यंत कुणाला सांगायचं नाही. मी पेटी बाहेर काढली हे कळलं तर माझी नोकरी जाईल, आणि गुन्हाही दाखल होईल. मंडळातही नाही. कुणालाच नाही."

"गुरुवारपर्यंतच ना?" मी विचारलं.

"गुरुवारी तर जाहीरच होईल."

आम्ही दोघांनी शब्द दिला.

*

आठवडाभर मी सरांना टाळत राहिले. शनिवारी शिकवणीच्या पत्त्यावर पोस्टकार्ड आलं. अक्षर किब्यांचं. 'धडा उत्तम वाचता आला. सगळे उठून उभे राहिले. तरीही बंद. कंपनी आता स्टॅबिलायझर करणार. पेटी मोडीत निघाली. कृपया दिलेला शब्द पाळावा. बाई, तुमचं अक्षर सगळ्यांत चांगलं दिसलं.'

मी कार्ड घेऊन नौशादभाईंच्या दुकानात गेले. त्यांनी ते वाचलं आणि काउंटरवर पालथं ठेवलं.

"सरांना तरी सांगू या," मी म्हणाले.

"सर कुणाला सांगणार नाहीत?"

सर सगळ्यांना सांगतील, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. आनंदानं सांगतील, पत्रकात छापतील. ते पत्रक पुण्यातही जायचं.

रविवारी प्रयोगशाळा भरलेली होती. नौशादभाई उभे राहिले आणि म्हणाले, "पत्ता खोटा होता. कुलूप होतं." एवढंच. ते कशावरच विश्वास न ठेवणारे म्हणून त्यांच्यावर सगळ्यांनी विश्वास ठेवला. कुणी हसलं, कुणी शिवी हासडली. सर माझ्याकडे बघत होते.

"काहीच नव्हतं, प्रमिला?"

"नाही, सर."

त्यांनी मान हलवली. त्या महिन्याच्या सदरात त्यांनी चार ओळी लिहून दिल्या: सारिकाविषयीच्या सर्व बातम्या निराधार होत्या, वाचकांची क्षमा मागतो. मी त्या ओळींची स्टेन्सिल कापली. त्यानंतर सरांनी पत्रकासाठी काही लिहिलं नाही. वर्षभरात मंडळ बंद पडलं.

मी मात्र त्या आलेखाच्या कागदापासून सुटले नाही. शिकवणी बंद करून एका छापखान्यात लागले, आणि पुढे संगणकावरची मराठी अक्षरं काढणं हाच माझा व्यवसाय झाला. सर अभिमानानं लोकांना सांगायचे, "ही आमच्या मंडळातली." दर वेळी मला तिथून उठून जावंसं वाटायचं.

नव्व्याण्णव साली इंदूरहून किब्यांचं पत्र आलं. ते निवृत्त झाले होते, कंपनीही केव्हाच बुडाली होती. 'आता सांगितलंत तरी चालेल. ऐकायला कुणी असेल तर.'

नौशादभाई एव्हाना दुबईला होते; त्यांना फोन लावला. ते म्हणाले, "आजच जा."

सर आता अठ्ठ्याहत्तरचे होते. अंगणाकडच्या खोलीत आरामखुर्चीत बसलेले, दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झालेली. शेजारच्या टेबलावर नातीचा संगणक होता, त्यावर मराठी, इंग्रजी, हवं ते दिसत होतं. सरांच्या पत्नी स्वयंपाकघरात होत्या, कुकरची शिट्टी होत होती.

मी त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसले आणि सांगितलं. कुलूप नव्हतं. दार उघडलं होतं. सारिका होती. मी तिच्यावर लिहिलं. आणि तुमच्याशी खोटं बोलले.

सरांच्या हाताची बोटं खुर्चीच्या दांड्यावर नुसतीच उघडमीट करत होती.

"तेरा वर्षं," ते म्हणाले.

"हो, सर."

"मी वाचकांची क्षमा मागितली होती, प्रमिला. छापून."

मला वर बघवेना. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"कळफलक कसा होता?" सरांनी विचारलं.

मी मान वर केली. ते खुर्चीत पुढे सरकले होते.

"करडा. काही कळींवर कागदाच्या पट्ट्या होत्या."

"आणि जोडाक्षरं? सगळी?"

"सगळी. तुकडे जोडून. वेलांटी आपण होऊन मागे जायची, सर. क उजवीकडे सरकायचा आणि ती त्याच्या डावीकडे उभी राहायची."

"थांब," सर म्हणाले. त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "अहो, तो गॅस बंद करा आणि आधी इकडे या! ही बघून आलीये!"